रशीद उस्ताद, ते इंजिन मी जाळलं

रशीद उस्ताद, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी तुमचं नाव घेतो. माझ्या वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. त्यांनीच एकदा ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर माझ्या मामाला सांगितलं होतं, "शिकोलं आमी, पण कामाचा केला त्या चंद्रपूरच्या मिस्त्रीनं."

तुम्हाला माती देऊन आज अकरा दिवस झाले. कब्रस्तानातून बाहेर पडताना माझ्या पुढे दोन माणसं चालली होती. मी त्यांना ओळखत नव्हतो. एक म्हणाला, "माणूस सोन्यावानी होता गा. पण त्या जपानी गाडीत हात घातला अन् नाव घालवलं. जाळलं इंजिन." दुसरा म्हणाला, "हाव ना. नाई जमत त नाई म्हणाव माणसानं."

मी त्यांना गाठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. तुमच्या बाबतीत नेमक्या वेळी गप्प राहायचं, ही माझी जुनी खोड आहे. आज ती मोडतो. हा अंक चंद्रपुरात आणि गडचिरोलीत दोन्हीकडे जातो. ते दोघे नाही तर त्यांचे शेजारी तरी वाचतील. त्या गाडीचं इंजिन रशीद उस्तादांनी जाळलं नाही. मी जाळलं. उस्तादांनी ते उभं केलं, तेही दोनदा, आणि ते आजही चालतं आहे. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी गडचिरोलीला जाऊन बघावं.

हे मी छापतो आहे, ते तुम्हाला आवडणार नाही. ते का, ते पुढे येईलच.

मी इंजिनियर झालो तेव्हा गावात लोक मला साहेब म्हणू लागले, आणि साहेबाला आठ महिने काम नव्हतं. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मुलाखतीला गेलो की एकच प्रश्न, अनुभव आहे का. म्हणून मी पठाणपुरा गेटजवळच्या तुमच्या गॅरेजमध्ये आलो. तुम्ही एका टेम्पोखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी पायांशीच बोललो. सर्टिफिकेट पाहिजे, म्हणालो.

"कायचं?"

"अनुभवाचं."

"हाय का अनुभव?"

"नाही."

"मंग लिहू काय त्याच्यात? नाई हाय म्हून?"

तुम्ही बाहेर आलात, चिंधीला हात पुसले, माझ्या इस्त्रीच्या शर्टकडे पाहिलं. "देतो. पण पयले कमाव. उद्या सकाळी ये, अन् हा शर्ट घालून येऊ नको." नाव विचारलं नाहीत, गाव विचारलंत. त्या दिवसापासून मी 'ब्रह्मपुरी' झालो. "ए ब्रह्मपुरी, पाना दे." "ब्रह्मपुरीले चहा द्या, थो अजून शहराची हवा खाऊन राह्यला." पण गिऱ्हाइकांपैकी कोणी माझ्या पदवीची टिंगल केली, इंजिनियर असून नट आवळतो म्हणून हसलं, की तुमचा आवाज बदलायचा. "हा लिहिलेलं वाचते. आपल्यातल्या कोणाले येते?"

मग ती गाडी आली. गडचिरोलीचे तेंदूपत्त्याचे कंत्राटदार, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांच्या मेहुण्याने परदेशातून आणलेली. मेहुणा परत गेला, गाडी यांच्या दारात राहिली आणि एका उन्हाळ्यात बसली. ट्रकवर दोरांनी बांधून आणली होती. लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की तुम्ही बॉनेट उघडायला गुडघ्यावर बसलात. बराच वेळ आत पाहिलंत.

"पिस्टन कुठी हाय?"

"नाहीत, उस्ताद. या इंजिनाला पिस्टन नसतातच."

"मंग चालते कायच्यावर? दुवेवर?"

माझ्या शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात या इंजिनावर दीड पान होतं. तेवढ्या भांडवलावर मी खडूने फरशीवर चित्र काढलं. कमरेत थोडं दबलेलं एक लांबट घर, आणि त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण. हा त्रिकोण घरात गोल फिरतो, आणि फिरता फिरता त्याच्या तीन बाजूंना पेट्रोलची हवा ओढली जाते, दाबली जाते, पेटते आणि बाहेर फेकली जाते. तुम्ही उकिडवे बसून पाहत राहिलात.

"हे त जातं होय," तुम्ही म्हणालात. "पीठ नाई, हवा दळते." मग त्रिकोणाच्या टोकावर बोट ठेवलंत. "अन् हे टोक? हे भितीले घासत असन ना सारखं?"

मी सांगितलं, प्रत्येक टोकाला एक बारीक धातूची पट्टी असते, सील म्हणतात तिला.

"मंग सगळा जीव या पट्टीत हाय."

माझ्या दीड पानात हे वाक्य नव्हतं. पुढे काही वर्षांनी, पुण्यात, चांगली जाडी पुस्तकं हाताशी आली तेव्हा कळलं की या इंजिनाबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे ते या एका वाक्यातून निघतं.

नागपूरच्या एका मोठ्या गॅरेजने भाऊसाहेबांना आधीच सांगून टाकलं होतं की असलं इंजिन टिकत नाही, त्यात याला टर्बो आहे, काढून फेका आणि जीपचं डिझेल बसवा. आपल्याकडे असं सर्रास होतं. तुम्ही स्वतः कितीतरी गाड्यांना डिझेल बसवलं होतं. भाऊसाहेब तयारच होते. तुम्ही नाही म्हणालात.

"डिझेल बसवाचं असन त दुसरीकडं न्या. मी हेच टिकवून दाखवतो."

"अहो, सगळे म्हणतात टिकत नाही."

"सगळे म्हंजे कोण, भाऊ? ज्यायनं खोललं नाई थे."

पट्ट्या आणि रबरी कड्या मेहुण्याने पार्सलने पाठवल्या. नागपूरच्या सायबर कॅफेतून मी कागद छापून आणले आणि रोज दुपारी जेवणानंतर तुम्हाला इंग्रजीतून मराठी करून वाचून दाखवू लागलो. माझ्या शिक्षणाचा कोणाला उपयोग होतो आहे, हे मला पहिल्यांदा त्या दुपारी कळलं. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. झोपलात असं वाटून थांबलो की हात हलायचा. "चालू ठेव."

पट्टी झिजते, कारण तिला तेल पुरत नाही. तुम्ही म्हणालात, "पेट्रोलमंदीच टाकू ना. स्कूटरले टाकते तसं." आणि टाकलंतही, टू-स्ट्रोकचं तेल, मापाने. गल्लीत हसू झालं. रेडिएटरवाल्याने आवाज दिला, "उस्तादनं जपानी गाडीची लुना केली." तुम्ही त्याला म्हणालात, "तुयी लुना सोळा वर्षं झाले चालून राह्यली ना? मंग." पुढे मी वाचलं की परदेशातले या इंजिनाचे जाणकार असंच तेल घालतात. तुम्हाला फोन करून सांगितलं, तर तुम्हाला नवल वाटलं नाही. "त्यायच्याकडं बी लुना असन," म्हणालात.

तेलावरून आपलं भांडण मिटायचं राहूनच गेलं. इंजिनाचा स्वतःचा एक छोटा तेलपंप असतो, तो खालचं काळं तेल थोडं थोडं आत सोडतो. मी म्हणत होतो, आता पेट्रोलमध्ये तेल आहे तर तो बंद करा, काजळी कमी होईल. तुम्ही म्हणत होता, दोन्ही राहू द्या, ड्रायव्हर एखाद्या दिवशी तेल टाकायचं विसरेल. मी अजूनही म्हणतो पंप बंद करा. तुम्ही नाहीत म्हणून मी हार मानणार नाही. पण ड्रायव्हर विसरेल हा हिशेब माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हता, हेही कबूल करतो.

बॉनेटखाली आतड्यांसारख्या रबरी नळ्या होत्या, सगळ्या उष्णतेने कडक झालेल्या. तुम्ही एकेकीला नंबराची चिठ्ठी बांधली, मी वहीत नंबर लिहिले, आणि एकही न सोडता सगळ्या बदलल्या. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू दिलं नाहीत; कूलरच्या जाळीवर बसतो तो पांढरा थर दाखवून विचारलंत, "हे पोटात घेऊन कोण जगन?" बॅटरीचं पाणी आणलं. पंखा कंपनीने ठरवलेल्या वेळेच्या बराच आधी सुरू व्हावा अशी सोय केलीत. आणि टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब कमी ठेवलात. त्यावरून आपण तीन दिवस बोलत नव्हतो.

"कागदात एवढा दाब चालतो लिहिलंय, उस्ताद."

"कागद कुठचा हाय?"

"जपानचा."

"तिथी मे महिना कसा राह्यते?"

मी कागद उलटून पाहिला.

"मंग इथचा आकडा इथी ठरन."

दाब दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर तुम्ही तुमच्या मुलीच्या, नसीमच्या, बाटलीतलं नेलपॉलिश लावून लाल खूण केलीत. "सुई याच्या पुढं गेली त पयले पाय काढाचा. मंग इचार कराचा."

पावसाळा आणि हिवाळा गाडी चालली. एप्रिलमध्ये तुम्ही बहिणीच्या घरच्या लग्नासाठी चार दिवस बल्लारपूरला गेलात.

मला तुम्हाला चकित करायचं होतं. उष्णता हाच या इंजिनाचा शत्रू, हे आपलं दोघांचं ठरलेलं. मग धूर बाहेर जायची वाट अरुंद कशाला? मी शेजारच्या वेल्डरकडून कोळशाच्या ट्रकला असतो तसा सरळ, रुंद सायलेन्सर करून घेतला. बॉनेटखालची उष्णता खरंच उतरली. मी खूष झालो. एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तोच इंजिनात हवा कोंबतो. धुराला वाट मोकळी केली की तो जास्त जोरात फिरतो. जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडून द्यायला एक भोक असतं, पण ते जुन्या सायलेन्सरच्या मापाचं. मी टिकाऊपणासाठी केलेल्या कामानेच दाब वाढणार होता.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. तुम्ही बल्लारपूरला गेलात असं सांगितल्यावर म्हणाले, "मग तू चल." मूल गावाकडे जाणाऱ्या मूल रोडवर, वस्ती संपून साग सुरू होतो तिथे, मी गाडी मोकळी सोडली. ते बाजूला बसले होते. "अजून दाब," म्हणाले. मी दाबलं. तव्यावर फुटाणे उडावेत तसा आवाज आला, दोन-तीन सेकंदच, आणि गाडीतला जीव गेला. आम्हाला एका ट्रकने ओढून परत आणलं.

तुम्ही आलात आणि इंजिन खोललंत. एका टोकाची पट्टी तुटली होती, तिचा तुकडा टर्बोच्या पात्यांमधून गेला होता. गॅरेजमध्ये तेव्हा भाऊसाहेब होते, वेल्डर होता, रेडिएटरवाला होता, दोन टेम्पोवाले होते. तुम्ही मला हळू विचारलंत, "सुई कुठी होती?"

"खुणेच्या आत," मी म्हणालो. खोटं बोललो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग नव्या सायलेन्सरकडे पाहिलंत. भाऊसाहेब सगळ्यांसमोर बोलले, नागपूरवाले बरोबर सांगत होते, तुमच्या आवाक्यातलं हे काम नाही. आणि तुम्ही म्हणालात, "पट्टी मीच बसवली, भाऊ. कमी माझ्यात असन."

त्या गॅरेजमध्ये तेवढा एकच क्षण होता, ज्यात मी बोलायला हवं होतं. मी फरशीकडे पाहत राहिलो. चार दिवसांनी पुण्यात माझी मुलाखत होती. त्याच दुपारी तुम्ही नसीमला बोलावून माझं सर्टिफिकेट लिहायला लावलंत, गॅरेजचा शिक्का मारून. तुमच्या सांगण्यावरून तिने हिंदीत लिहिलं होतं, "इंजिन के काम में भरोसे का आदमी." ते घेऊन मी रेल्वेत बसलो, आणि मला नोकरी लागली. गावात बोलणं झालं, उस्तादांनी इंजिन जाळलं.

दिवाळीत आलो तेव्हा तुम्ही टर्बो समोर घेऊन गोल कानशीने घासत बसला होता. भाऊसाहेबांकडून तुम्ही एक संधी मागून घेतली होती. या वेळी टिकलं नाही तर मी स्वतः डिझेल बसवून देतो, असा शब्द देऊन. मी शेजारी बसलो. तुम्ही ते भोक दाखवलंत. चांगलं रुंद केलं होतं, आतून गुळगुळीत.

"सायलेन्सर तुवाच ठेवला," तुम्ही म्हणालात. "चांगला हाय. गरमी खरंच कमी करते. हवेले बाहेर जायाले जागा तेवढी कमी पडत होती."

म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. पट्टी का तुटली, दाब किती चढला असेल, सुई कुठे असेल. आणि तरी माझ्यातलं जे चांगलं होतं ते तुम्ही ठेवलंत आणि चुकलं होतं ते कानशीने काढून टाकलंत. मी फक्त "हो" म्हणालो. चहा घेतला. पुण्याला गेलो.

त्यानंतर चार उन्हाळे. इंजिन एकदाही खोलावं लागलं नाही. तुम्ही ड्रायव्हरच्या समोर नियमांचा कागद चिकटवला होता: गार इंजिन पळवू नको, गाडी थांबवल्याबरोबर बंद करू नको, टर्बोले दम घेऊ दे. रेल्वे फाटकावर मागचे ओरडायचे, बंद कर, पेट्रोल जाळून राह्यला काय. माझे वडील एकदा गॅरेजमध्ये आले होते, त्यांनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "बरोबर हाय. बैल औताहून आला की पयले सावलीत उभा करतेत, मंग पाणी दाखवतेत." तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढे वर्षभर गिऱ्हाइकांना तेच ऐकवत होता. ती गाडी जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्यापर्यंत गेली. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत छकड्यांच्या रांगेत उभी राहिलेली मी स्वतः पाहिली. हे इंजिन टिकत नाही म्हणणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं. गावाने मात्र एकच दिवस लक्षात ठेवला, जो माझा होता.

तुमच्या छातीचा त्रास वाढल्याचं नसीमने कळवलं तेव्हा मी पत्र लिहिलं. फोनवर बोलायची हिंमत नव्हती. रविवारी येतो असं त्यात होतं. तुम्ही शुक्रवारी गेलात.

तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी बसलो होतो. नसीम म्हणाली, पत्र मंगळवारी आलं. तिने वाचून दाखवलं. तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत. मग म्हणालात, "हे चिठ्ठी कोणाले दाखवू नको. त्याच्या नोकरीचं कायी होऊन जाईन." थोड्या वेळाने म्हणालात, "येऊ दे रविवारी. कान पकडतो त्याचा."

उस्ताद, मी आयुष्यात तुमची एक आज्ञा मोडली होती, आणि तिच्यापायी तुमचं नाव गेलं. आज दुसरी मोडतो आहे. माझी नोकरी इंजिनाच्या भागांची तपासणी करण्याचीच आहे. माझ्या साहेबांनी हे वाचलं तर वाचावं. नसीमकडून पत्र मागून घेतलं आहे. जसं होतं तसं खाली देतो.

"रशीद उस्तादांना साष्टांग नमस्कार.

तब्येतीला जपा. औषध वेळेवर घ्या, आणि घेतलं असं नसीमला खोटं सांगू नका. खोटं सांगायचं काम माझ्याकडे आहे. आज तेच सांगायला लिहितो आहे.

मूल रोडवर सुई खुणेच्या आत नव्हती. बरीच पुढे होती. मी ती पाहिली होती. नजर चुकली असं नाही, चांगली पाहिली. पाय काढायला वेळही होता. काढला नाही, कारण त्या क्षणाच्या आधी भाऊसाहेब मला 'इंजिनियरसाहेब' म्हणाले होते. आमच्या घरात कोणाला आजवर कोणी तसं म्हणालं नव्हतं. मला वाटलं, पाय काढला तर तो शब्द परत घेतील. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

तुम्हाला हे ठाऊक आहे, हे मला दिवाळीतच कळलं. तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो. मोकळं करायचं काम तुमचं नव्हतं, माझं होतं.

मी रविवारी सकाळी पोचतो. माफी मागायला येत नाही. ती तुम्ही न मागता दिलीत, म्हणूनच ती मला पुरत नाही. माझं एक काम करा. भाऊसाहेबांना गडचिरोलीहून बोलावून घ्या. वेल्डरला, रेडिएटरवाल्याला सांगा. ते दोन टेम्पोवाले कुठे असतील त्यांनाही शोधा. त्या दिवशी गॅरेजमध्ये जेवढे उभे होते, तेवढे सगळे पाहिजेत. एकही कमी नको.

तुमचा,
मोरेश्वर"